लॅपटॉप मेला, पण डिस्क जिवंत आहे!



मागे मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभा असताना एका काकांनी गाठलं. "अरे, तू कॉम्प्युटरमधला ना? माझा जुना लॅपटॉप बंद पडलाय, चालूच होत नाही. एक कॉलेजचा मुलगा पार्ट्ससाठी साठ डॉलर द्यायला तयार आहे. देऊन टाकू ना?"

मी विचारलं, "काका, आतली डिस्क काढलीत का?"

"कसली डिस्क? अरे, चालूच होत नाही म्हटलं ना!"

काकांना हसायचा मला अजिबात अधिकार नाही. चार वर्षांपूर्वी मी स्वतः अगदी हाच विचार केला होता, आणि मी तर याच धंद्यात पोट भरतो. आमच्या लॅपटॉपवर रविवारी सकाळी अख्खा कप चहा सांडला. तांदळात ठेवला, हेअर ड्रायर मारला, देवाला हात जोडले, काही उपयोग झाला नाही. शेवटी ऑनलाइन जाहिरात टाकली, "चालत नाही, पार्ट्ससाठी", आणि एक जण येऊन रोख पैसे देऊन घेऊन गेला. घरातली एक अडगळ कमी झाली म्हणून आम्ही खूश.

आठ-दहा दिवसांनी त्या माणसाचा निरोप आला. सोबत एक फोटो. माझ्या आजीच्या पंचाहत्तरीचा, ठाण्याच्या हॉलमधला, सगळी भावंडं ओळीने उभी. खाली लिहिलं होतं की तुमची डिस्क व्यवस्थित चालू आहे, तिच्यात घरचे बरेच फोटो दिसतात, हवे असतील तर सांगा, मी डिस्क परत पाठवतो.

माणूस भला होता म्हणून वाचलो. डिस्क पाकिटातून परत आली. पण मधल्या चार दिवसांत आम्हा दोघांना झोप नव्हती. बायको म्हणाली, "आधी एक कागद घे आणि त्या डिस्कवर काय काय होतं ते लिही." स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आम्ही लिहायला लागलो. सात वर्षांचे टॅक्स रिटर्न, त्यात आम्हा दोघांचे आणि दोन्ही मुलांचे सोशल सिक्युरिटी नंबर. ग्रीन कार्डच्या अर्जाची पूर्ण फाइल, म्हणजे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, पासपोर्टचं पानन् पान. घराच्या कर्जाचे कागद. इथपर्यंत मी कसाबसा धीर धरून होतो. मग बायको म्हणाली, "आणि आई-बाबांचं?"

तिथे मात्र पोटात गोळा आला. बाबांच्या बँकेच्या पासबुकाचे स्कॅन. दोघांची आधार कार्डं, पॅन कार्डं. ठाण्याच्या फ्लॅटची पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी, बाबांच्या सहीसकट. आईच्या ऑपरेशनचे रिपोर्ट, जे इथल्या एका डॉक्टर मित्राला दाखवायला मागवले होते. आणि "इंडिया पासवर्ड्स" नावाची एक एक्सेल फाइल, कारण बाबांचं नेट बँकिंग इथून मीच बघतो.

आपल्या लोकांच्या लॅपटॉपचं हे एक वेगळेपण आहे. त्यात एका घराची नाही, दोन देशांतल्या तीन-चार घरांची कागदपत्रं असतात. आणि त्यातल्या ज्यांनी तो लॅपटॉप कधी डोळ्यांनीही पाहिलेला नाही, त्यांचंच नुकसान सगळ्यात सोपं. त्यांना इथल्या घडामोडींचा पत्ता नसतो, आणि खात्यातून पैसे गेल्यावर कुठे धावायचं हेही त्यांना ठाऊक नसतं.

बंद म्हणजे नक्की काय बंद?

लॅपटॉप हे एक यंत्र नाही, चार-पाच यंत्रं एका डबीत बसवलेली आहेत असं समजा. पडदा, कीबोर्ड, बॅटरी, मदरबोर्ड आणि डिस्क. लॅपटॉप "मेला" म्हणजे बहुतेक वेळा यातलं एकच काहीतरी गेलेलं असतं, आणि ती डिस्क क्वचितच असते. चहा पडतो तो कीबोर्ड आणि मदरबोर्डवर. आपटतो तेव्हा पडदा फुटतो. चार्जिंगचं भोक सैल होतं. डिस्क बिचारी आत सुखरूप असते. ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की तुमच्या विंडोजचा पासवर्ड कोणी विचारतसुद्धा नाही. तो पासवर्ड म्हणजे घराच्या दाराचं कुलूप. कपाटच उचलून बाहेर नेलं तर दाराच्या कुलपाचा काय उपयोग?

दुसरा गैरसमज "डिलीट" या शब्दाचा. फाइल डिलीट करून रिसायकल बिन रिकामी केली की आपण समजतो, गेली. साध्या हार्ड डिस्कवर प्रत्यक्षात फक्त अनुक्रमणिकेतली ओळ खोडली जाते. पान पुस्तकात तसंच असतं, त्या जागेवर नवीन काही लिहिलं जाईपर्यंत. "क्विक फॉरमॅट" म्हणजे अख्खी अनुक्रमणिका फाडणं, पानं तरीही शाबूत. फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं अशी पानं शोधून परत जुळवतात.

ही नुसती भीती घालायची गोष्ट नाही. एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी, सिमसन गारफिंकल आणि अभी शेलट यांनी, १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ साली निष्कर्ष छापले. चालणाऱ्या १२९ डिस्कपैकी नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. बाकीच्यांत मिळून पाच हजारांवर क्रेडिट कार्ड नंबर सापडले, आणि एक डिस्क तर चक्क एटीएम मशीनमधली होती. आता म्हणाल, ही जुनी गोष्ट. तर २०२२ साली मॉर्गन स्टॅन्लीला अमेरिकेच्या एसईसीने साडेतीन कोटी डॉलरचा दंड लावला, तो याच कारणासाठी. जुनी यंत्रं निकालात काढायचं काम त्यांनी सामान हलवणाऱ्या एका कंपनीला दिलं, जिला डेटा नष्ट करण्याचा काडीचा अनुभव नव्हता, आणि ग्राहकांच्या माहितीसकट काही डिस्क ऑनलाइन लिलावात विकल्या गेल्या. ओक्लाहोमामधल्या एका माणसाने त्या विकत घेतल्या आणि कंपनीला ईमेल करून कळवलं. म्हणजे त्यांनाही माझ्यासारखाच भला गिऱ्हाईक भेटला. दर वेळी भेटेलच असं नाही.

मग करायचं काय?

आधी बघा, लॅपटॉप खरंच पूर्ण मेलाय का. फक्त पडदा गेला असेल तर एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा. चित्र दिसलं तर तुमचं अर्धं काम झालं. कीबोर्ड गेला असेल तर यूएसबीचा साधा कीबोर्ड लावा. अशा लॅपटॉपवर आधी फोटो आणि कागदपत्रं उतरवून घ्या, मग विंडोजच्या सेटिंग्जमधल्या रीसेटमध्ये जाऊन सगळं काढून टाकण्याचा पर्याय निवडा. तिथे आणखी एक बारीकसा पर्याय असतो, ड्राइव्ह साफ करण्याचा. घाईत तो राहून जातो. तो चालू केला की वेळ बराच लागतो, पण तोच महत्त्वाचा. रात्री चार्जर लावून सोडून द्या. मॅक असेल तर २०१८ नंतरच्या बहुतेक यंत्रांवर, मॉन्टेरे किंवा त्यापुढची मॅकओएस असल्यास, "इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज" हा पर्याय मिळतो. तो पुरेसा आहे.

पण काही केल्या चालूच होत नसेल, तर उपाय एकच. डिस्क बाहेर काढा आणि लॅपटॉप डिस्कशिवाय विका. यात लाजायचं काही नाही. पार्ट्ससाठी घेणाऱ्याला हवा असतो पडदा, चार्जर, बिजागरी, वरचं झाकण. जाहिरातीत "हार्ड डिस्क नाही" एवढं लिहायचं. फार तर दहा-पंधरा डॉलर कमी येतील, आणि डिस्क हवीच म्हणून कोणी फारच आग्रह धरला तर दुसरं गिऱ्हाईक बघा.

डिस्क काढणं वाटतं तितकं अवघड नाही. चार्जर काढायचा, लॅपटॉप पालथा करायचा, खालच्या झाकणाचे स्क्रू काढायचे. छोटा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर लागतो, मॅकला वेगळा पाच पाकळ्यांचा. निघालेले स्क्रू वाटीत ठेवा, गालिच्यावर पडले की गेले. तुमच्या मॉडेलचा नंबर टाकलात तर कुठला स्क्रू कुठे आहे याचा व्हिडिओ बहुधा मिळतोच. झाकण निघाल्यावर बॅटरीची जोडणी आधी सोडवायची. मग डिस्क शोधायची. जुन्या लॅपटॉपमध्ये ती पत्त्यांच्या कॅटसारखी, पण चपटी धातूची डबी असते. नव्यांमध्ये बोटभर लांब आणि जेमतेम बोटाइतकीच रुंद अशी पट्टी असते, एका टोकाला एकच स्क्रू. तिच्यात आणि मेमरीच्या पट्टीत गल्लत करू नका. मेमरीची पट्टी जास्त रुंद असते आणि दोन्ही बाजूंनी क्लिपमध्ये अडकवलेली असते. वीज गेली की तिच्यातलं सगळं जातं, ती खुशाल राहू द्या. ज्या छोट्या कार्डाला दोन बारीक वायरी चिकटलेल्या दिसतील ते वायफायचं. काही लॅपटॉपमध्ये धातूची डबीही असते आणि पट्टीही. दोन्ही काढा.

एक इशारा. झाकण काढल्यावर बॅटरी उशीसारखी फुगलेली दिसली तर तिथेच थांबा. तिला टोचू नका, दाबू नका, स्क्रूड्रायव्हरने उचकटायला जाऊ नका, पेट घेते. असा लॅपटॉप विमानातून न्यायचा नाही, पोस्टाने पाठवायचा नाही आणि घरच्या कचऱ्यात तर टाकायचाच नाही. गावाच्या घातक कचरा केंद्राला फोन करून विचारा.

काढलेल्या डिस्कचं काय?

माझं आवडतं उत्तर म्हणजे ती ठेवून घ्या. आपण दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालणाऱ्या घरातली माणसं, चालती डिस्क फेकवत नाही. तिच्यासाठी यूएसबीची डबी स्वस्तात मिळते. मात्र पट्टी असेल तर ती साटा आहे की एनव्हीएमई ते पाहून डबी घ्या, दोन्ही दिसायला सारख्या असल्या तरी डब्या वेगळ्या असतात. डबीत घातली की बाहेरची डिस्क तयार. त्यातून जुने फोटोही मिळतात, आणि कित्येकदा लोकांना तेव्हाच कळतं की बारशाचे फोटो दुसरीकडे कुठे नव्हतेच.

जोडल्यावर कॉम्प्युटरने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली, तर घाबरू नका. डिस्कवर बिटलॉकर चालू आहे, म्हणजे आतलं सगळं सांकेतिक स्वरूपात आहे. ही की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली सापडते. अशी डिस्क चुकून कोणाच्या हाती गेली तरी की नसताना त्याला काही वाचता येत नाही. आत्ता घरात जे चालते लॅपटॉप आहेत त्यांच्यावर बिटलॉकर, आणि मॅकवर फाइलव्हॉल्ट, चालू आहे का हे आजच बघून ठेवा. यंत्र मेल्यावर ते चालू करता येत नाही!

डिस्क विकायचीच असेल तर ती फिरणाऱ्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क आहे की चिपवाली एसएसडी, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. हार्ड डिस्क पुसणं सोपं. दुसऱ्या विंडोज कॉम्प्युटरला जोडून फॉरमॅट करताना "क्विक" समोरची खूण काढून टाका. मग विंडोज प्रत्येक जागेवर शून्य लिहितं. एकदा पुरतं. पस्तीस वेळा पुसावं लागतं असं जे सांगतात ते १९९० च्या दशकातल्या डिस्कबद्दलचं आहे. फक्त फॉरमॅटचं बटण दाबण्याआधी आपण बरोबर डिस्क निवडली आहे ना, हे दोनदा बघा. माझ्या एका मित्राने जुनी सोडून नवीच पुसली होती. त्याच्या बायकोसमोर हा विषय अजूनही काढायचा नाही.

एसएसडीचं गणित वेगळं. तिच्यातल्या चिप एकाच जागी फार वेळा लिहिलं तर झिजतात, म्हणून ती आपण लिहिलेलं सतत वेगवेगळ्या जागी पसरवते आणि काही जागा स्वतःकडे राखून ठेवते. आपल्याला वाटतं सगळ्यावर शून्य लिहिलं, पण राखीव जागेत जुने तुकडे शिल्लक राहू शकतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये हेच दाखवून दिलं होतं. एसएसडीसाठी बनवणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर असतं, त्यातला "सिक्युअर इरेज" वापरायचा. यूएसबीच्या डबीतून तो बऱ्याचदा चालत नाही, डिस्क कॉम्प्युटरच्या आत बसवावी लागते. एवढा खटाटोप पंधरा डॉलरसाठी करण्यापेक्षा मी तरी ती ठेवूनच घेतो.

डिस्क कटकट आवाज करत असेल किंवा ओळखलीच जात नसेल, तर ती पुसता येत नाही. पण तुम्हाला वाचता येत नाही याचा अर्थ कोणालाच वाचता येत नाही असा नाही. ती फोडायची. हार्ड डिस्कला ड्रिलने आरपार तीन-चार भोकं पाडा, मात्र डोळ्यांवर गॉगल लावून आणि मुलांना लांब ठेवून, कारण लॅपटॉपच्या डिस्कमधली तबकडी बहुधा काचेची असते आणि तिचा चुरा उडतो. एसएसडीमध्ये नुसतं पट्टीला भोक पाडून भागत नाही, प्रत्येक काळी चिप फुटली पाहिजे. फ्रिजवरच्या लोहचुंबकाने काही होत नाही, एसएसडीला तर कुठल्याच चुंबकाने होत नाही. मायक्रोवेव्हचा प्रयोग कृपा करून करू नका. हे जमणार नसेल तर आर-टू किंवा ई-स्टुअर्ड्स प्रमाणपत्र असलेल्या रिसायकलरकडे जा आणि डिस्क नष्ट केल्याचा दाखला मागा. मी तरी डिस्क आपल्यासमोर फोडणाराच शोधतो.

नव्या मॅकबुकमध्ये आणि काही स्वस्त लॅपटॉपमध्ये मात्र डिस्क बोर्डावरच डकवलेली असते, काढता येत नाही. मॅकवर फाइलव्हॉल्ट चालू होता अशी खात्री असेल तर फारशी काळजी नाही. खात्री नसेल तर असा मेलेला लॅपटॉप मी विकणार नाही, वर सांगितलेल्या रिसायकलरकडेच देईन. बोर्ड दुरुस्त करणारे हुशार लोक जगात कमी नाहीत.

हुशार लोकांवरून आठवलं. आपल्यापैकी बरेच जण जुना लॅपटॉप विकत नाहीत, बॅगेत घालून भारतात नेतात. "नाशिकच्या भाच्याला दे, तो करून घेईल दुरुस्त." भाचा तो कोपऱ्यावरच्या दुकानात देतो, दुकानदार म्हणतो डिस्क बदलावी लागेल, आणि जुनी डिस्क दुकानातच राहते. लॅमिंग्टन रोडला जुन्या डिस्कना गिऱ्हाईक असतं. भाच्यावर विश्वास आहे हो, पण डिस्क काढूनच द्या आणि त्याला तिकडे नवी घ्यायला पैसे द्या. आणि लॅपटॉप ऑफिसचा असेल तर तो विकायचाही नाही आणि द्यायचाही नाही. कंपनी विसरली असली तरी तो तिचाच आहे.

देण्याआधी एकदा सगळ्या फटी तपासा. सीडीच्या कप्प्यात अडकलेली लग्नाची सीडी, कडेच्या खाचेत राहिलेलं कॅमेऱ्याचं कार्ड, खाली चिकटवलेला नाव-पत्त्याचा स्टिकर. आमच्या लॅपटॉपखाली तर वायफायचा पासवर्ड चिकटवला होता, बायकोच्या सुवाच्य अक्षरात. शिवाय दुसऱ्या कॉम्प्युटरवरून तुमच्या गुगल, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅपल या सगळ्या अकाउंटमध्ये जाऊन तो लॅपटॉप साइन आउट करा.

आधीच विकून बसला असाल तर

रागावणार नाही, मी पण त्यातलाच. विकणाऱ्या जागेवरून गिऱ्हाइकाला निरोप पाठवून डिस्क परत मागायला काहीच हरकत नाही, टपालखर्च आपण द्यायचा. उत्तराची वाट न बघता ईमेलचा पासवर्ड सगळ्यात आधी बदला, कारण बाकीचे पासवर्ड त्याच्यावरूनच बदलता येतात. मग बँका. अमेरिकेत असाल तर इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्हीकडे क्रेडिट फ्रीझ करा. सप्टेंबर २०१८ पासून ते फुकट आहे, आणि मुलांच्या नावानेही करता येतं. तुमच्या नावाने दुसऱ्याने टॅक्स रिटर्न भरू नये म्हणून आयआरएसकडून आयडेंटिटी प्रोटेक्शन पिन मिळतो, तोही घ्या.

आणि मग आई-बाबांना फोन. हा फोन मी दोन दिवस टाळला, त्याची अजून लाज वाटते. बाबा चिडले नाहीत, एवढंच म्हणाले, "आता काय करायचं ते सांग." आधारच्या संकेतस्थळावर जाऊन त्यांचे बोटांचे ठसे लॉक केले. त्यासाठी ओटीपी आधारला जोडलेल्या फोनवर येतो, म्हणून फोन हातात घेऊन बसा असं त्यांना आधी सांगावं लागतं. (आपल्यापैकी ज्यांचं आधार एका जुन्या भारतातल्या नंबराला जोडलेलं आहे आणि ते सिम आईच्या कपाटात पडलंय, त्यांनी तो नंबर चालू आहे का ते बघा.) नेट बँकिंगचा पासवर्ड बदलला, बँकेत जाऊन मॅनेजरच्या कानावर घातलं. पॅनवर कोणी परस्पर कर्ज काढलं नाही ना हे बघायला सिबिलचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढला. काही निघालं नाही. आता आम्ही दर वर्षी दिवाळीनंतर तो काढतो.

"इंडिया पासवर्ड्स"ची एक्सेल फाइलही आता नाही. पासवर्ड मॅनेजरमध्ये सगळं गेलं, आणि आधार कुठे पाठवायचं झालं तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार पाठवतो.

त्या जेवणाच्या रांगेतल्या काकांचा लॅपटॉप पुढच्या शनिवारी त्यांच्या घरी उघडला. दहा मिनिटांत डिस्क निघाली, डबीत घालून त्यांच्या नव्या कॉम्प्युटरला जोडली, तर काकूंना त्यांच्या वडिलांचा आवाज असलेली एक जुनी व्हिडिओ क्लिप सापडली. कॉलेजच्या मुलाने लॅपटॉपचे पन्नास दिले. पुढच्या कार्यक्रमाला मी स्क्रूड्रायव्हरचा डबा आणि दोन्ही प्रकारच्या यूएसबी डब्या घेऊन येणार आहे, चहाच्या टेबलाशेजारी बसेन. बंद पडलेले लॅपटॉप घेऊन या, फक्त चहाचे कप जरा लांब ठेवा.